गाड्याखालचा बाजार

"पण मग ती चित्र का काढत नाही, सर?"

शर्वरीने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा दारात चपला काढताना, दुसऱ्यांदा पाण्याचा तांब्या हातात घेऊन आणि आता पडवीत उभ्याउभ्याच.

शिंत्रे सर पाटावर बसून शेंगा फोडत होते.

"बस की."

"बसायला वेळ नाही, सर."

वेळ नाही म्हणणारी माणसं उभी राहून जास्त वेळ घालवतात. शर्वरी इंगवले अर्धा तास झाला उभी होती. स्कूटीची किल्ली तिच्या बोटाभोवती गरगर फिरत होती.

तालुक्याच्या ज्या शाळेत शिंत्रे सरांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली, तिथेच ती आता शिकवत होती. पाचवी ते सातवी ती त्यांच्याच हाताखाली शिकली. पुढे कोल्हापूरला जाऊन पदविका, सुवर्णपदक, सगळं झालं. तिचा हात चांगला होता आणि हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

हाताखाली म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. वर्गात फिरताना सर दोन्ही हात पाठीमागे धरत, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट पकडून. सरांना अटक झालीय, म्हणून पोरं खुसुखुसू हसत. तीन वर्षांत त्यांनी शर्वरीच्या कागदाला एकदाही ब्रश लावला नाही. तेव्हा तिला वाटायचं, सरांना आपलं चित्र आवडत नाही. कधी कधी असंही वाटायचं, की त्यांना मुळात येतच नसेल.

"कोण पोरगी?" सरांनी विचारलं.

"तस्लीम मुल्ला. सातवी ब. बाजारात तिच्या वडलांचा केळ्यांचा गाडा असतो. तालुक्यात पहिली आली, सर! आता बुधवारी जिल्ह्याला परीक्षकांसमोर बसून चित्र काढायचंय. आणि ही बाई तीन आठवडे झाले, मला कोरा कागद देते. कोपऱ्यात नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक. अक्षर सुंदर. बाकी काही नाही."

"वरडलीस?"

"ओरडले. समजावलं. नवे ब्रश आणून दिले. चॉकलेटसुद्धा दिलं."

"मग?"

"चॉकलेट खाल्लं."

सर खो खो हसले. शर्वरीला हसू आलं नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुख्याध्यापक होते. "हो सर... जोरात चाललीय तयारी... नाही नाही, काळजीच करू नका." फोन ठेवला आणि तिचं तोंड उतरलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं उतरतं तसं.

"चित्र आणलंयस?"

तिने फोल्डरमधून कागद काढला. 'आमचा बाजार' हा प्रकल्प तिने सबंध सातवीला दिला होता. चाळीस पोरं, चाळीस बाजार. त्यातला हा एक तालुक्याला गेला आणि पहिला आला.

सरांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याचा राहिला होता. त्यांनी कागद नाकाजवळ नेला. वर गर्दी, केळ्यांचे घड, मधोमध झकास पिवळी छत्री. खाली पायच पाय. चपला, अनवाणी पाय, सायकलचं चाक, चिखल.

"वरचा अर्धा कुणाचा?"

किल्ली फिरायची थांबली.

"म्हणजे?"

सरांनी पिवळ्या छत्रीवर बोट ठेवलं.

"थोडा हात फिरवला मी."

"थोडा म्हंजे किती?"

चित्रकलेचे मास्तर हे करतातच. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळा सुटली, की वर्गाचं दार लोटून घ्यायचं आणि पोरांच्या कागदांवर आपला ब्रश चालवायचा. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. फिनिशिंग म्हणतात.

"सर, वरचा अर्धा कागद नुसता तपकिरी होता हो!" शर्वरी एकदम सुरू झाली. "फळ्या! गाड्याचा तळ म्हणे. खाली माणसांचे पाय आणि वर फळ्या. बाजारात जाऊन कुणी पाय बघतं का? परीक्षकांना काय कळणार होतं त्यातलं? आणि मध्येच एक मळकं पोतं लोंबत होतं. मी फळ्यांवर गर्दी काढली, माल काढला, पोत्याच्या जागी छत्री काढली. पण पाय तिचे तिला ठेवले. त्यांना बोटसुद्धा लावलं नाही."

हे शेवटचं तिने अशा थाटात सांगितलं, जणू वाटणीत पोरीला चांगला हिस्सा दिला होता.

"बक्षीस मिळालं तवा काय म्हणाली ती?"

शर्वरीचा चेहरा क्षणभर खुलला. "स्टेजवरून उतरली आणि कप सरळ माझ्या हातात दिला. 'मॅडम, हा तुमचा.' माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, सर. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं मी. म्हटलं, असे विद्यार्थी आता राहिले नाहीत."

"मग? घेतलास?"

"काय?"

"कप गं."

"...शाळेच्या कपाटात आहे."

सरांनी एक शेंग फोडली. आत तीन दाणे निघाले. ते त्यांनी डब्यात टाकले, हात लेंग्याला पुसले आणि चित्र मांडीवर पालथं घातलं. मग डोळे मिटले. त्यांची बोटं कागदाच्या पाठीवरून सावकाश फिरू लागली.

म्हातारा पेंगतोय की काय, असं शर्वरीच्या मनात आलं. इथे बुधवार अंगावर येतोय आणि याला झोप सुचतेय! तिला चीड आली. आपण उगाच आलो असंही वाटलं.

"इकडं ये," डोळे न उघडताच सर म्हणाले. "बस."

या वेळी ती बसली.

"डोळे मीट."

त्यांनी तिचं बोट धरून कागदाच्या पाठीवर टेकवलं.

तस्लीम पेन्सिल दाबून धरायची. त्यावरून शर्वरी तिला कितीदा तरी बोलली होती. हलक्या हाताने काढ, कागद फाटेल. वरून कितीही रंग चढवला तरी दाबलेल्या पेन्सिलीचा वळ मागच्या बाजूला उठून राहतो. तो आता बोटाला लागत होता.

आधी फळ्या लागल्या. सरळ, लांब. फळीला खिळे. पोरीने एकही खिळा सोडला नव्हता. मग दोन दोऱ्या, खाली उतरत गेलेल्या. मग ते पोतं.

पोतं फार गोल होतं...

बोट कडेवर आलं. तिथे पोत्याबाहेर काहीतरी आलं होतं, इवलंसं. त्याच्या टोकाला बारीक बारीक उंचवटे. शर्वरीने एकेक मोजला. पाच होते.

"सर... हे पोतं नाही."

सर पुन्हा शेंगा फोडायला लागले होते.

"झोळी आहे ही. आत बाळ आहे. हा त्याचा पाय... तस्लीमला लहान भाऊ झालाय. मला माहीत होतं, सर. रविवारी ती गाड्याखाली बसून त्याला झोका देते. तिनेच सांगितलं होतं मला. कागद देताना सांगितलं होतं..."

कट्कन शेंग फुटली.

"मी त्याच्यावर छत्री काढली."

ती ताडकन उठली, पडवीच्या टोकापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. चित्र उलटून तिने छत्रीवर नख ठेवलं.

"मी पुसते हे. ओल्या फडक्याने वरचा थर हळूच काढते."

"पोस्टर कलर हाय. वरचा निघाला की खालचाबी निघतो."

हे तर ती स्वतः पाचवीच्या पोरांना शिकवत होती.

"मग मी तिची माफी मागते. सगळ्या वर्गासमोर मागते. कप तिला देते. नको, कप तालुक्याला परत करते. मुख्याध्यापकांना खरं सांगते, जिल्ह्याला पाठवायचंच नाही म्हणून. पण मग तिची संधी जाते... पाठवते. पण तिथे जाऊन तिने कोराच कागद दिला तर? सर, तिने यापुढे ब्रशच हातात धरला नाही तर?"

सरांनी तिला बोलू दिलं. टरफलांचा ढीग वाढत गेला. शेवटी तिच्याकडचे शब्द संपले आणि किल्ली हातातून निसटून फरशीवर पडली. ती तिने उचलली नाही. तिला मनापासून रडायला येत होतं.

मग तिने विचारलं, "सर, वर्गात तुम्ही हात मागं का धरायचात?"

सरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं आता वाकडी झाली होती, मातीने माखली होती.

"माझा हात लई चांगला होता गं."

अंगणात एक कोंबडी टरफलं उकरत होती.

"उद्या रविवार," शर्वरी हळूच म्हणाली. "मग सोमवार, मंगळवार. दोन दिवसांत मी तिला काय शिकवू?"

सरांनी मूठभर दाणे तिच्या ओंजळीत घातले.

"उद्या गाडा लागंल न्हवं बाजारात?"

"लागेल. रोजच्या जागी, पारापाशी."

"त्याच्याखाली जाऊन बस."

"मी...? रंग नेऊ का, सर? कागद नेऊ?"

सर उठले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घेतले, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं.

"खाली जागा हाय का, ते आधी तिला विचार."