अकरा नोकर आणि दोन राखीव

सराफ पेठेच्या फुटबॉल संघाला शिक्षा काय द्यायची, यावरून रानगिरी संस्थानात तीन दिवस नुसता कालवा चालला होता!

नियम तसा साधा होता. ज्या पेठेचा संघ, त्या पेठेच्या वर्गणीतच तो चालवायचा. बाहेरचे खेळाडू पैसे मोजून आणायचे नाहीत. पण सराफ पेठेच्या रंगोबाशेठने तीन वर्षांत तीन कप नेले, आणि मग कुणाच्या तरी हाती त्याच्या घरच्या नोकरांची यादी लागली. तेरा नवे नोकर! अकरा रोजचे आणि दोन राखीव! बरं, तेराही जण वाऱ्यासारखे पळणारे. शेठच्या घरात एवढं पळायचं काम कुठलं असतं, ते देवालाच ठाऊक.

महाराज मल्हारराजांनी सगळ्यांना मैदानातच बोलावलं.

"माझ्या पैशानं मी न्हावी ठेवीन, नाहीतर माळी ठेवीन!" रंगोबाशेठ मिशीला पीळ देत म्हणाला. "काम संपल्यावर ते चेंडू खेळतात, त्याला मी काय करू?"

"बारा वर्षं हाकलून द्या त्यांना!" कुंभार पेठ ओरडली.

"त्यांचा गोल दुप्पट रुंद करा!" शिलेदार पेठेतून आवाज आला.

"आणि गोलकीपरचे हात मागं बांधा!"

"जळताय व्हय रं?" सराफ पेठवाले उसळले. "तुमच्या फॉरवर्डला मोकळा गोल दिसत न्हाई, त्याला आमचा शेठ काय करणार?"

झालं! चपला उडायला लागल्या. त्यातली एक थेट महाराजांच्या मांडीवर येऊन पडली.

मल्हारराजे आधीच हट्टी, त्यात ही चप्पल! ते ताडकन उठले. "बास! सूर्य मावळायच्या आत अशी शिक्षा सांगा, जिला तिन्ही पेठा 'होय' म्हणतील. आणि रंगोबाशेठही स्वतःच्या तोंडानं 'होय' म्हणाला पाहिजे! नाहीतर उद्या सकाळी या मैदानात नांगर घालतो आणि हरभरा पेरतो!"

आपल्याच शिक्षेला कुणी 'होय' म्हणतं का कधी? आणि महाराज बोलले की करतात, हे सगळ्यांना माहीत होतं. मागे पतंगांवर रागावले, तर सात वर्षं संस्थानात पतंग उडाला नव्हता.

मैदानाच्या कोपऱ्यात फक्कीची बादली घेऊन गजरा उभी होती. सामन्याआधी मैदानावर पांढऱ्या रेघा मारायचं काम तिचं. बापाच्या पाठीमागे हेच मैदान तिने सांभाळलं होतं, आणि त्याच्यावर तिचा भारी जीव. हरभऱ्याचं नाव ऐकलं मात्र, तिने बादली खाली ठेवली आणि सरळ पुढे आली.

"म्हाराज, मी बोलू काय?"

"बोल! इथं सगळेच बोलतायत."

"शेठजी खरं बोलत्यात, असं धरून चाला. कप काढू नका, गुण कापू नका, दंड बी घेऊ नका."

कुंभार पेठेने कपाळाला हात लावला. सराफ पेठेने शिट्ट्या मारल्या.

"फकस्त एकच करा," गजरा म्हणाली. "शेठजींच्या यादीत पहिलं नाव फॉरवर्ड येसबाचं हाय. काम लिवलंय, न्हावी. पगार तर दिवाणजींच्या वर! एवढा भारी न्हावी आमाला बी बघू द्या की. मोसम संपूस्तोर शेठजींची दाढी येसबानंच करायची. हितं, मैदानाच्या मधोमध!"

"एवढंच? होय!" सराफ पेठ खुशीत ओरडली.

बाकीच्या दोन पेठांना जरा वेळाने उमगलं. मग त्यांच्यात जी खसखस पिकली, ती थांबेचना. "होय! होय!"

सगळे रंगोबाशेठकडे वळले. नाही म्हणावं तर येसबा न्हावी नाही, हे कबूल! शेठ मिशीचा पीळ सोडून म्हणाला, "हो... होय."

"मग शुभस्य शीघ्रम्!" महाराज म्हणाले. "वस्तरा आणा!"

खुर्ची आली, साबण आला, शेठच्या गळ्याला पंचा बांधला गेला. येसबाच्या पायात वीज होती खरी, पण वस्तरा त्याने जन्मात धरला नव्हता. स्वतःची दाढीसुद्धा तो बाजारात जाऊन करून घ्यायचा. त्याने आधी शेठच्या कानात साबण भरला. मग वस्तरा उलटसुलट करून पाहिला आणि हळूच विचारलं, "शेठजी, ह्याची धार कुठल्या अंगाला असती?"

"अगं आई गं!" शेठ पंच्यासकट उठून पळाला. येसबा वस्तरा घेऊन मागे! "शेठजी, थांबा की! म्हाराजांचा हुकूम हाय!"

अर्ध्या मैदानापर्यंत शेठ पुढे होता. पण येसबा पडला फॉरवर्ड! त्याने गोलापाशी गाठलंच. शेठ खांबाला मिठी मारून ओरडला, "हा न्हावी नाही! ह्याला मी गोल मारायला आणलाय! तेराही जण खेळायलाच आणलेत! तिन्ही कप परत देतो, पेठेतलीच पोरं खेळवतो, पण हा वस्तरा लांब न्या!"

"ही शिक्षा मान्य?" महाराजांनी विचारलं.

"होय! होय! होय!" शेठ किंचाळला.

कुंभार पेठ "होय" म्हणाली, शिलेदार पेठ "होय" म्हणाली. सराफ पेठवाले क्षणभर घुटमळले. मग त्यांच्यातलाच एक म्हातारा ओरडला, "होय! आमची पोरं तीन वरसं बाकावर बसून आंबली की वो!" आणि सगळी पेठ "होय" म्हणून मोकळी झाली.

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गजराला दिलं आणि मैदान वंशपरंपरा तिच्या हवाली केलं. मग त्यांना एक शंका आली. "पण काय गं, शेठ धीट निघाला असता आणि त्यानं मुकाट्यानं दाढी करून घेतली असती, तर?"

"तर काय म्हाराज!" गजरा म्हणाली. "यादीत दुसरं नाव गोलकीपरचं हाय. काम लिवलंय, दात उपटणं!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की फेटा सुटून पायात आला.