विहिरीच्या कठड्यावरचा ढ

"आणि तिला ठेवून करायचं काय, बाबा?"

श्रीकरचा आवाज चढला होता. मठाच्या शाळेत मुलांना अक्षरं तोच शिकवी. आपल्या हाताखालून गेलेलं मूल मोत्यासारखं अक्षर काढतं, असा त्याचा तोरा.

सात वर्षांच्या सगुणाने तो उतरवला. डॉक्टर तिला स्वमग्न म्हणत. वर्गातल्या उंच बाकावर तिचे पाय लोंबकळत. ती घसरे, सावरे, पुन्हा घसरे.

"हात धरून गिरवून घेतो, तरी बोटं ताठ. डोळ्याला डोळा देत नाही. काही विचारलं तर बोलत नाही. क्षणभर स्वस्थ बसत नाही. शुद्ध ढ आहे!"

ते एक अक्षर पोराच्या कपाळी मारायला शिकलेल्या माणसाला वेळ लागत नाही.

ओसरीवर सगुणाची आई बोचकं बांधून बसली होती. गावातल्या शाळांनी मुलीला आधीच घालवून दिलं होतं. इथून निघाली की पुढे दार नव्हतं. तिने 'ढ' ऐकला. मान वर केली नाही.

मठाचे म्हातारे बाबा उठले.

"पाटी घे. चल."

मठामागे विहीर होती. खोल, काळी. श्रीकर तिच्यात कधी वाकून बघत नसे.

"कठड्यावर बस. पाय आत सोड."

"बाबा...?"

"बस. मी धरलंय ना!"

गुरूची आज्ञा. तो बसला. बाबांनी मागून त्याच्या कमरेला विळखा घातला.

पायांखाली काहीच नव्हतं... गार, ओला वारा तळव्यांना चाटत होता. कठड्यावरून एक खडा सुटला. पाण्याचा आवाज फार उशिरा आला.

"ढ काढ."

पाटीवर पेन्सिल करकरली.

"हात सैल सोड."

बोटं सुटेनात.

"माझ्याकडे बघ."

मान वळेना. डोळे खाली, त्या काळ्या पाण्याला चिकटलेले.

"सारखा हलतोस काय? गाव कोणतं रे तुझं?"

जीभ टाळूला चिकटली. नाव होतं कुठेतरी... सापडेना.

"एवढं सोपं विचारलं, तेही येत नाही?"

...

बाबांनी त्याला मागे ओढून घेतलं. श्रीकर मातीत बसला, दोन्ही पंजे जमिनीत रोवून.

बाबांनी पाटी उचलली. वर गांडुळासारखी एक रेघ वळवळत गेली होती.

"पंडित माणूस तू. साधा ढ येईना?"

श्रीकरने ओसरीकडे बघितलं.

"बाबा... तिच्या आईला थांबायला सांगतो."

"सांग. आणि पोरीला विचार, तिची विहीर कुठे आहे."

"पण ती बोलतच नाही, बाबा."

"तू तरी आत्ता कुठे बोलत होतास?"