पाटाची पाळी

"मग माझं चुकलं तरी कुठं, आक्का?"

मंदाकिनीबाईंनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. पहिल्यांदा बसून, दुसऱ्यांदा उभं राहून, आणि आता मठीच्या ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत.

रेणूआक्का शेंगा फोडत होत्या.

"बस."

बाई बसल्या. लगेच उठल्या. पायाला भिंगरीच होती म्हणा ना.

उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात, गळ्यात झोळी. तालुक्याच्या गावी चाळीस बायकांचा योगवर्ग चालवणारी ही बाई. चोपन्न वर्षांची. अजून दहा मिनिटं शीर्षासनात राहते, आणि दिवसातून दोनदा तरी तसं सांगते. हे शीर्षासन तिला तीस वर्षांपूर्वी याच ओसरीवर आक्कांनी शिकवलं होतं. तेव्हा आक्का ताठ होत्या. आता अठ्ठ्याहत्तरीला पाठीला चांगला बाक आलाय.

"पडलीस कशी?"

"पडले कुठं? उंबऱ्याला पाय अडला, हात टेकला. एवढंच. लहान पोरं दिवसाला दहादा पडतात तसं."

"आणि मोडला."

"मोडला."

हे सांगताना तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाला एका उंबऱ्यानं हरवलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"माझ्या मुलाच्या वयाचा आहे. हाडांची तपासणी केली आणि म्हणतो, मावशी, हाडं पोकळ झालीत. म्हणतो, पाळी जाते तेव्हा बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन ओसरतं. आपलं हाड म्हणे रोज थोडं खाल्लं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. खाणाऱ्यावर त्या इस्ट्रोजेनचा वचक असतो. तो सुटला की खाणारा मोकाट, भरणारा मागं पडतो. पहिली काही वर्षं तर झपाट्यानं. आणि दुखत नाही, खुपत नाही... मोडेपर्यंत कळतच नाही."

"पोरगं हुशार आहे."

"आक्का! तीस वर्षं योग करणाऱ्या बाईला हे ऐकवायचं? वर म्हणतो, शीर्षासन बंद. मानेवर भार नको."

आक्कांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. टरफल बाजूला टाकलं.

"गोळ्या दिल्या?"

"पिशवीत आहेत."

"घेतल्यास?"

बाईंनी पिशवी पायानं मागं सारली.

"वर्गात मी सांगत आलेय, आक्का. अभ्यास नीट केला तर औषध लागत नाही. तपासण्याही लागत नाहीत. आता मीच कुठल्या तोंडानं..." बाईंनी घड्याळ पाहिलं. शेवटची एसटी पाचची होती. "म्हणून तुमच्याकडं आले. एखादं आसन सांगा. व्रत सांगा. चाळीस दिवस मीठ सोडते. पण सोमवारी वर्ग सुरू होतोय."

"हाताचं काय सांगणार?"

"स्कूटीवरून पडले म्हणून."

आक्कांनी सूप खाली ठेवलं. स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली.

"अगं, आज पाटाचं पाणी बघायची पाळी कुणाची?"

"सुंद्राची होती," आतून आवाज आला. "ती तापानं निजलीय."

"बरं. आम्ही जातो."

आक्का उठल्या आणि खुंटीवरची काठी काढली. भिंतीत खुंट्या दोन होत्या. वरचीला काहीच टांगलेलं नव्हतं. खालची नवी दिसत होती. मंदाकिनीबाईंना आठवलं, पूर्वी आक्कांची झोळी वरच्या खुंटीला असायची.

"खालची खुंटी कशाला ठोकली?"

"वरची उंच झाली."

म्हातारी थट्टा करतेय, असं बाईंना वाटलं. थट्टा ऐकायला त्यांना वेळ नव्हता.

मठीच्या मागं भाजीचा मळा. बंधाऱ्यापासून मळ्यापर्यंत मातीचा पाट. दोन्ही काठांवर गवत असं माजलेलं की माती दिसू नये.

"काठ कसा दिसतो?"

"छान. हिरवागार. आक्का, माझी एसटी..."

"चार वर्षांमागं दगडूबाबा पाटकरी होता. पाणी सोडायची फळी त्याच्या हातात. सोडायचं ते बोट बोट. जास्त मागितलं की भांडायचा. दर महिन्याला ठरलेलं भांडण. मग थकला, लेकाकडं गेला. आम्हाला बरंच वाटलं. कटकट गेली."

"मग?"

"मग काय. पाणी मनाला येईल तसं यायला लागलं."

आक्कांनी काठी गवतात टेकवली. जोर लावला नाही, नुसता हाताचा भार दिला.

काठी मुठीपर्यंत आत गेली.

आवाज झाला नाही. एक ढेकूळसुद्धा घरंगळलं नाही. गवत तसंच डुलत राहिलं.

मंदाकिनीबाई एक पाऊल मागं सरल्या. पुढचा पाय त्या तिथंच टाकणार होत्या.

"वरून तर..."

"हं. वरून तर."

बाईंनी झटक्यात मान वर केली.

"कळलं, आक्का. पाट म्हणजे मी. पाटकरी म्हणजे ते इस्ट्रोजेन. मला दृष्टांत नकोय, उपाय पाहिजे!"

"मी पाटाचंच बोलतेय गं. वांगी सुकतायत."

आक्का हळूच, गुडघ्यावर हात ठेवत, खाली बसल्या. ओंजळभर चिखल उचलून भोकात दाबला. मग आणखी एक ओंजळ. हात धुतले, कमरेची चंची उघडली आणि आतून एक पांढरी गोळी काढून तोंडात टाकली.

"हे काय?"

"कॅल्शियम. दवाखान्यातली नर्स देते. सहा महिन्यांनी एक सुईही टोचते."

"तुम्ही? गोळी... सुई?"

तीस वर्षं जिच्या नावानं बाई वर्गात शपथा घालत होत्या, ती ही आक्का. बाईंना पाटावरच्या काठीपेक्षा हा धक्का मोठा बसला.

"वीस वर्षं उशिरा," आक्का म्हणाल्या. "पाठीतले दोन मणके दबले, मला पत्ता नाही. वाटलं, खुंटी उंच झाली. तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं."

सांगणारं कुणी नव्हतं...

मंदाकिनीबाईंचा डावा हात आपोआप पर्सकडं गेला. रुमालाच्या घडीतून त्यांनी एक चिठ्ठी काढली. सहा आठवडे तिथंच होती. रुमाल बदलले, चिठ्ठी तिथंच राहिली.

"काय गं ते?"

"कमलची आहे. कमल धोंगडे. माझ्या वर्गात येते. शाळेत खिचडी शिजवते, मोठमोठी पातेली उचलते. शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं, हाडं तपासून घ्या म्हणून. ती वर्गात मला दाखवायला आली, ताई, करू का?"

"मग?"

"मी सगळ्यांसमोर तिच्या हातातून घेतली. म्हटलं, ही माझ्याकडं राहू दे, तू प्राणायाम वाढव." बाईंचा आवाज बारीक झाला. "बायकांनी टाळ्या वाजवल्या, आक्का."

पाटातलं पाणी वाहत होतं.

"तिची पाळी?"

"गेली. दोन वर्षं झाली."

"तुझी?"

"चार. मी तर वर्गात पेढे वाटले होते. सुटले म्हणून."

आक्का हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. मंदाकिनीबाईंनाही हसू यायला लागलं होतं, पण मधेच कमल डोळ्यांसमोर आली. पाठीत वाकून, पातेल्याच्या दोन्ही कानांना फडकी लावून ते चुलीवरून उतरवणारी. त्या पातेल्यात शंभर मुलांची खिचडी. बाईंना भीती वाटली, स्वतःच्या हातासाठी वाटली त्याच्या दुप्पट.

खाली रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. पाच वाजले होते. बाई दोन पावलं चालल्या, थांबल्या, परत आल्या.

"म्हणजे सोमवारी सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं? उंबऱ्यावर पडले म्हणून? गोळी घेते म्हणून? मी सांगत होते ते चुकीचं होतं म्हणून?"

आक्कांनी आणखी एक ओंजळ चिखल भोकात दाबला.

"माझा वर्ग मोडेल, आक्का. तीस वर्षांचा आहे."

आक्कांनी भोकावर तळवा थापला.

"निम्म्या जणी निघून जातील. ज्या राहतील त्या पाठीमागं हसतील... दुसरं कुणी नाही का सांगू शकणार? ती डॉक्टरीण परत येईलच की शिबिराला. तिनंच सांगावं. तिचं कामच आहे ते."

एसटी वळणाआड गेली. तिचा आवाजही गेला.

आक्कांनी वर हात केला. मंदाकिनीबाईंनी डाव्या हातानं त्यांना उठवलं. आक्का उठल्या, पण तो हात त्यांनी सोडला नाही. त्या हातात कमलची चिठ्ठी होती. आक्कांनी चिखलाच्या बोटांनी बाईंची बोटं एकेक करून चिठ्ठीवर मिटवली.

"कमलची गेली. तुझी गेली. माझी तर कधीच गेली..."

मग मघाशी स्वयंपाकघराकडं पाहून ज्या आवाजात विचारलं होतं, अगदी त्याच आवाजात विचारलं,

"मग आज पाळी कुणाची?"