सगुणानं विणलेली पट्टी

एक होता राजा. राजे काय, पुष्कळ असतात. आपली गोष्ट आहे त्याच्या लेकीची. तिचं नाव चंपावती. तिची जिवाभावाची मैत्रीण सगुणा, पटवेकऱ्याची पोर. पटवेकरी म्हणजे रेशमात मणी ओवणारा, गोंडे करून देणारा, बरं का. त्या घरात सगळ्यांची बोटं अशी झरझर चालायची की बघत राहावं.

दर श्रावणात दोघी एकमेकींसाठी रंगीत रेशमाची पट्टी विणायच्या आणि मनगटात बांधायच्या. चंपावतीची पट्टी म्हणजे नुसता गुंता. कुठे भोक, कुठे फुगवटा. पण सगुणा ती हौसेनं घालायची, पार विरेपर्यंत काढायची नाही.

एकदा काय झालं, सगुणानं आणलेली पट्टी सरळ राहीचना. सोडली की वाळल्या पानासारखी गुंडाळी व्हायची.

"हातात घाल. अंगाच्या उबेनं होईल सरळ," सगुणा म्हणाली.

पण त्या दिवशी चंपावतीच्या मामेबहिणी आल्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसल्या. झालं. चंपावतीला लाज वाटली. "सरळ झाली की घालीन," म्हणाली आणि पट्टी बाजूला ठेवली. सगुणा गुपचूप घरी गेली.

मग चंपावतीनं पट्टी जात्याखाली ठेवली. काढली, तर पुन्हा गुंडाळी. मग हत्तीच्या पायाखाली ठेवली. काढली, तर पहिल्यापेक्षा घट्ट. मग मात्र बाईसाहेब हट्टाला पेटल्या. तांब्यात रसरशीत निखारे भरले आणि तापलेलं बूड पट्टीवरून फिरवलं. रेशीम करपलं, महालभर वास सुटला, आणि पट्टी अशी आवळली की उलगडेना.

इकडे सगुणाचा पत्ताच नाही. रुसली असेल, चंपावती म्हणाली, रुसू दे, येईल मुकाट्यानं. शोभतं का असं बोलणं? पण बोलली खरी.

मग आली कोण, तर सगुणाची आई. रडून रडून डोळे सुजलेले.

"ताईसाहेब, राजवैद्यांना पाठवा हो. पोरीची बोटं आधी आखडली, मग मूठच मिटली. काल तर चटका बसल्यासारखी किंचाळली. आता घाससुद्धा उचलत नाही. गेल्या साली तुमची पट्टी सैल होऊन विहिरीत पडली, तुम्ही रडलात. म्हणून यंदा तिनं जीव ओतून एकेक गाठ ओढली. तेव्हा हात चांगला होता हो."

चंपावतीला आता कळलं. सगुणाचा जीव त्या गाठींत होता, आणि आपण तो जात्याखाली घातला. ती अनवाणीच धावत सुटली.

सगुणा ओसरीवर बसली होती. मूठ मांडीवर, आणि मनगटात चंपावतीची ती भोकाभोकांची पट्टी. ते बघून चंपावतीला रडू आवरेना. काय काय केलं ते तिनं सगळं सांगून टाकलं.

सगुणानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता तरी घाल ना."

मग चंपावतीनं ती करपलेली गुंडाळी तशीच दोऱ्यानं मनगटात बांधली. घंगाळात कोमट पाणी घेतलं आणि दोघींचे हात त्यात सोडले. ओढायचं नाही, दाबायचं नाही, नुसतं बसायचं. दिवेलागण झाली तशा गाठी सैलावल्या. पट्टी हळूहळू पसरली, आणि सगुणाचं एकेक बोट उलगडलं. पण करपली होती तिथली कड वाकडीच राहिली. आणि सगुणाची करंगळी वाकडी राहिली. राजवैद्यांनी तेलं लावली, लेप लावले, काही उपयोग झाला नाही.

"करंगळीवाचून काय अडतंय माझं," सगुणा म्हणायची. पण पटवेकरी करंगळीलाच तर दोरा ताणून धरतात. तेव्हापासून तिची प्रत्येक पट्टी एका कडेनं वळायची.

पुढे चंपावती राणी झाली. दर श्रावणात सगुणाची पट्टी आली की ती तशीच्या तशी बांधायची आणि भर दरबारात बसायची. हसायची कुणाची छाती नव्हती. दोघी म्हातारपणापर्यंत सुखानं नांदल्या, पण सगुणाच्या हाताकडे बघितलं की राणीचे डोळे भरायचे ते भरायचेच.

संपली गोष्ट. मिटा डोळे. आणि पोटाशी पाय घेऊन वेटोळं करून झोपलात तरी चालेल. कुणी सरळ करायला येणार नाही.