काठावर बसलेला नावाडी

एका गावात एक कासारीण राहत होती. दिवसभर ती घरोघरी बांगड्या भरायला जाई आणि दिवेलागणीला आपल्या ओट्यावर गोष्टीचा खेळ मांडी.

हा खेळ मोठा गमतीचा होता. कासारीण गोष्ट सांगू लागे, पण ती पुरी करत नसे. खेळणारे स्वतःच गोष्टीतली माणसे होत. कासारीण त्यांच्यापुढे कधी रान उभे करी, कधी राक्षस, आणि विचारी, "आता कोण काय करतं?" खेळणारे सांगतील तशी गोष्ट वळे. बेत साधला की फसला, ते कवड्या टाकून ठरे.

खेळायला तिघे येत. शिंपी गोष्टीत सेनापती झाला होता, माळीण वैद्य झाली होती आणि तांबट नावाडी. दूरच्या बेटावर अडकलेल्या राजपुत्राला सोडवायला तिघे निघाले होते.

शिंप्याची जीभ त्याच्या सुईहून चपळ होती. "वाघ आला," असे कासारीण म्हणायचा अवकाश, "सेनापती त्याला शेपटी धरून गरागरा फिरवतो!" सगळे पोट धरून हसत.

"वाटेत एक म्हातारी तापाने फणफणली आहे."

"सेनापती तिला खांद्यावर घेतो आणि वैद्य शोधायला धावतो!"

"अहो भाऊ, वैद्य इथंच बसलीय," माळीण म्हणाली. पण तोवर सेनापती पुढच्या गावाला पोहोचलासुद्धा होता.

मग एकदा नदी आली. तांबट सावरून बसला. तो तोंड उघडणार, एवढ्यात शिंपी ओरडला, "सेनापती दोघांना पाठीवर घेऊन पोहून जातो!"

कासारीण हसली आणि गोष्ट पुढे गेली. माळीण आता खेळताखेळता उद्याचे हार ओवून घेऊ लागली. तांबट भिंतीला टेकून डोळे मिटून बसू लागला.

एके दिवशी खेळ संपला. शिंपी आणि माळीण निघून गेले. तांबट मात्र मागे थांबला.

"बाई, उद्यापासून मी येत नाही," तो म्हणाला. "नावाडी बुडाला म्हणून सांगून टाका. नाहीतर सांगूही नका. कोणाच्या लक्षात येणार आहे?"

कासारणीच्या काळजात चर्र झाले. तांबटाच्या घरी बोलायला दुसरे कोणी नव्हते. दिवसभर भांडी ठोकायची आणि संध्याकाळी या ओट्यावर यायचे, एवढेच त्याचे माणसांत येणे. तेही आता सुटणार होते.

"उद्याच्या दिवस तरी या, दादा," ती म्हणाली.

आधी तिला शिंप्याचा राग आला. मग तिच्या मनात आले, 'पण कोण काय करतं, असं सगळ्यांना मिळून विचारते ती मीच ना? जो आधी ओरडेल त्याची गोष्ट होते.'

दुसऱ्या दिवशी तिने सांगून टाकले, "आजपासून पाळीपाळीने बोलायचं. आधी शिंपीभाऊ, मग माळीणबाई, मग तांबटदादा. मधे कोणी तोंड घालायचं नाही."

गोष्टीत तिघे डोंगर चढत होते. दरोडेखोरांनी वाट अडवली. शिंप्याने तलवार उपसली आणि त्याची पाळी संपली. माळीण गडबडली. "मी... मी औषध देते."

"कोणाला? दरोडेखोरांना?" शिंप्याने विचारले. माळीण ओशाळली आणि पुन्हा हार ओवू लागली.

तांबटाची पाळी आली. "डोंगराच्या माथ्यावर नावाड्याने काय करायचं, बाई? वल्ह्याने भात ढवळायचा?"

कोणी हसले नाही. उपसलेली तलवार घेऊन सेनापती पुढच्या पाळीची वाट पाहत राहिला. तांबट उठला आणि वहाणा शोधू लागला.

तेव्हा कासारणीला आपली चूक उमगली. नुसती पाळी देऊन काय उपयोग? त्या माणसाच्या जोगतं काही पुढे ठेवायला नको का?

"बसा, तांबटदादा!" ती म्हणाली. "डोंगर उतरून झाला."

"आणि दरोडेखोर?" शिंप्याने विचारले.

"कंटाळून घरी गेले. आता समोर खाडी आहे. पलीकडे ते बेट. पाणी फुगलंय, पाण्यात सुसरी आहेत." मग ती तांबटाकडे वळून बसली. "नावाड्या, होडी तुझी. काय करतोस?"

तांबट खाली बसला, पण बोलेना. तांब्यावर चुकीचा ठोका बसला की तो परत घेता येत नाही. म्हणून तो बोलायच्या आधीही असाच थांबत असे.

शिंप्याला राहवेना. सुसरींच्या पाठीवरून उड्या मारत जायचा झकास बेत त्याच्या जिभेवर आला होता. त्याने तांबटाकडे पाहिले. तांबटाचे ओठ हलत होते. तो मनातल्या मनात बोलायला लागलाही होता.

'म्हणजे दर वेळी हा बोलणारच असायचा,' शिंप्याला वाटले. त्याने खांद्यावरचा दोरा ओढला आणि दातांत घट्ट धरला.

"भरती आहे," अखेर तांबट म्हणाला. "आत्ता होडी घातली तर उलटेल. ओहोटी लागेपर्यंत थांबायचं. आणि सेनापतीला मधोमध बसवायचं. तो हलला की होडी हलते."

सगळे खळखळून हसले. शिंप्याच्या तोंडातून दोरा गळून पडला.

"सुसरींचं काही मला कळत नाही," तांबट पुढे म्हणाला. "वैद्यबाई, त्यांना गुंगी येईल असं काही आहे का तुमच्या गाठोड्यात?"

माळणीने हार बाजूला ठेवला. "आहे की! धोतऱ्याचं बी. माशांच्या पोटात भरून टाकते. सेनापती, तेवढे मासे धरून देता?"

"हे धरले, वैद्यबाई!"

कासारणीने कवड्या टाकल्या. दान चांगले पडले. होडी अलगद बेटाला लागली.

शिंप्याने कासारणीकडे वळून मोठा सुस्कारा सोडला. "मावशी, खरं सांगू? कोणी गप्प बसलं की मला वाटायचं, खेळ मोडला. म्हणून कपडे शिवतानासुद्धा डोक्यात तेच, आज काय बोलू? आज दुसऱ्याच्या होडीत नुसता बसून पार झालो. काय बरं वाटलं म्हणून सांगू!"

माळीण हसली. कासारीण मात्र तांबटाकडे बघत होती. "उद्याचं काय, दादा?" तिने भीतभीतच विचारले.

"उद्या न येऊन कसं चालेल?" तांबट म्हणाला. "राजपुत्राला घेऊन परत यायचंय. होडी कोण हाकणार?"

कासारणीच्या मनावरचे ओझे उतरले. तिने कवड्या गोळा करून पिशवीत भरल्या आणि सगळ्यांना गूळ-शेंगदाणे आणायला ती आत गेली.

तात्पर्य: ज्याला चटकन सुचते त्याने थोडे थांबावे आणि खेळ मांडणाऱ्याने प्रत्येकाला त्याच्या जोगते काम द्यावे, मग खेळ सगळ्यांचा होतो आणि कोणा एकालाच तो ओढावा लागत नाही.