दत्तक देवमासा

ज्या काळी समुद्र कुणी मोजला नव्हता आणि म्हाताऱ्यांना कुणी टोकलं नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी पुढे बसावं. मोठ्यांनी मागे बसावं आणि मध्येच घसा खाकरू नये.

समुद्राकाठी एक राज्य होतं. राज्याला राजा होता, पण कारभार ज्येष्ठांची सभा बघायची. सभेचा नियम साधा होता. जो वयाने सर्वांत मोठा, तो आधी बोलणार. मग त्याच्याहून लहान, मग त्याच्याहून लहान. बोलणाऱ्याचं पुरं होईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही आणि कुणी काही खायचं नाही. मोठ्यांचं बोलणं बरोबर दुपारच्या जेवणापर्यंत पुरायचं. मग सभा संपायची.

त्यामुळे साठीच्या आतल्या माणसाला तिथे कधीच तोंड उघडायला मिळालं नव्हतं. राजा बेचाळीस वर्षांचा होता, तोही रांगेतच होता. एका सुताराने गावचा पूल डगमगतोय हे सांगायला विसाव्या वर्षी नाव दिलं होतं. आता तो अठ्ठावन्नचा झाला होता. पूल केव्हाच पडला होता, पण मुद्दे त्याला पाठ होते.

या सभेला एकदा वाटलं, की राज्याची शान वाढली पाहिजे. शान वाढवायची म्हणजे कुणाला तरी पकडून आणायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं. चाळीस होड्या निघाल्या. ढोल बडवत त्यांनी शिकारी देवमाशांचा एक कळप खाडीत कोंडला. हे देवमासे काळे-पांढरे असतात, पाठीवर उंच पंख असतो, जन्मभर एका कुटुंबात राहतात आणि कुटुंबाची पुढारी नेहमी आजी असते. होडीवाल्यांनी मोठ्यांना सोडलं आणि एक पोर तेवढं जाळ्यात घेतलं. मोठे हौदात मावले नसते.

हौद गोल होता, दगडी होता, आणि इकडून तिकडे पन्नास पावलं होता. त्याच्या मधोमध राजाच्या आजोबांचा पुतळा उभा होता. एका अंगाला समुद्र होता आणि मध्ये जाड लाकडी दरवाजा.

गावात कुजबुज झाली. आईपासून पोर तोडलं, हे बरं नव्हे, असं बायका म्हणू लागल्या. तेव्हा शास्त्रीबुवांनी तोडगा काढला. वय सत्तर, बुद्धी तेवढीच जुनी.

"कैद म्हणतंय कोण? आपण त्याला दत्तक घेऊ. राजघराण्याचा मुलगा झाला, की कैदेचा प्रश्नच उरत नाही."

थाटात दत्तकविधी झाला. सनई वाजली, पेढे वाटले. देवमाशाच्या डोक्यावर पागोटं राहिना, म्हणून ते पाण्यात सोडलं. ते बुडालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अशी बारा वर्षं गेली. सणासुदीला लोक शेंगदाणे खात हौदाभोवती बसायचे. देवमासा एका माशासाठी उंच उडी मारायचा. लोकांच्या अंगावर पाणी उडायचं आणि लोक खूश व्हायचे. बाकीचे दिवस तो पुतळ्याभोवती गोल फिरायचा. डावीकडून गोल, पुन्हा डावीकडून गोल.

सभेने याचा अभ्यास केला. "प्रदक्षिणा घालतोय," शास्त्रीबुवा म्हणाले. "संस्कार लागतायत त्याला."

पुढे त्याच्या पाठीवरचा पंख एका बाजूला लोळला. "नमस्कार करतोय," प्रधानजी म्हणाले. प्रधानजी चौऱ्याऐंशी वर्षांचे, सभेत सर्वांत थोर. त्यांनी सांगितलं म्हणजे तो नमस्कारच.

मग तो हौदाचे दगड चावू लागला आणि त्याचे दात झिजून बसले. राजवैद्य म्हणाले, "हिरड्यांना व्यायाम." मग तो तासन् तास ओंडक्यासारखा तरंगत राहू लागला. सगळे एका सुरात म्हणाले, "समाधी लागली."

त्याला मासे घालायला पंचविशीची एक कोळीण होती. तिला देवमाशाची भाषा थोडी थोडी कळायची. तिने सभेची कुठलीच भाषा शिकायचं नाकारलं होतं. चार दिवस त्याने माशाला तोंड लावलं नाही, तेव्हा ती कठड्यावर बसली आणि म्हणाली, "काय रे, काय होतंय तुला?"

"काही होत नाही," देवमासा म्हणाला. "तेच होतंय. बारा वर्षं काहीच होत नाही."

कोळीण उठली ती थेट प्रधानजींकडे गेली. ते जेवून ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"प्रधानजी, तो मरणार आहे. आठवडाभरही काढायचा नाही."

"मरेल कशाला? मी परवाच पाहिला. चांगला हसत होता."

"त्याचं तोंडच तसं आहे. तुमच्या भुवया जन्मापासून वर चढलेल्या आहेत. म्हणून तुम्ही रोज आश्चर्यचकित असता का?"

प्रधानजींच्या भुवया आणखी वर गेल्या. "पोरी, तुझं वय काय? सभेत नाव दे. नंबर लागला की बोल."

"तोवर त्याचा सांगाडा होईल."

"सांगाड्याचंही चांगलं स्मारक होतं," प्रधानजी म्हणाले आणि त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी सभेत विषय काढला. माणूस वाईट नव्हता, नुसता ज्येष्ठ होता. बरीच चर्चा झाली आणि असं ठरलं, की पोराला एकटं वाटत असणार. उपाय म्हणून उद्याच्या भरतीला पुन्हा होड्या काढायच्या आणि त्याच कळपातलं आणखी एक पोर पकडून आणायचं.

मागे उभ्या असलेल्या कोळिणीने हे ऐकलं. एकाला बुडताना पाहून त्याला सोबत म्हणून दुसऱ्याला ढकलणारी ही माणसं. त्यांना रडून सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांना त्यांच्याच नियमात धरायला हवं होतं.

सभेत हरकत घ्यायला वयाची अट नव्हती. पण ती एकाच बाबतीत घेता यायची, वयाचा क्रम चुकला तर.

"हरकत," कोळीण म्हणाली. "सर्वांत मोठ्या व्यक्तीचं अजून ऐकलेलंच नाही."

"मी बोललो की," प्रधानजी म्हणाले.

"शास्त्रीबुवा, दत्तक घ्यायला काय काय लागतं?"

शास्त्रीबुवांना कुणी शास्त्र विचारलं की ते आधी बोलायचे आणि मग विचार करायचे. "घेणारा लागतो. साक्षीदार लागतात. आणि मुख्य म्हणजे देणारा लागतो. देणाऱ्याने राजीखुशीने दिल्याशिवाय दत्तक होतच नाही."

"मग हा देवमासा कुणी दिला?"

सुतार पहिल्यांदाच जागा झाला.

"त्याच्या घरातली थोरली म्हणजे त्याची आजी," कोळीण म्हणाली. "पंखाला खाच असलेली. दत्तकाचा विषय निघाला, तर पहिलं बोलणं तिचं."

"पण ती माझ्याहून मोठी कशावरून?" प्रधानजींनी विचारलं.

"तुम्ही लहानपणी एक देवमासा पाहिला होता ना? मला नीट आठवत नाही."

प्रधानजींचा चेहरा उजळला. हा किस्सा ते प्रत्येक पंगतीत सांगत, आणि आजवर कुणी आपणहून विचारला नव्हता. "मी चार वर्षांचा होतो. वडिलांच्या होडीत होतो. ही एवढी मोठी मादी, पंखाला खाच, आणि शेजारी तिचं पोर..." इथे ते थांबले. त्यांच्या चार वर्षांच्या वयात जिला पोर होतं, तिचं आज वय काय असेल, हे त्यांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग बोटं मिटून घेतली.

आजीला सभेत येणं शक्य नव्हतं. म्हणून सभा आजीकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ज्येष्ठ, आणि त्यांच्यामागे रांगेतले राजा आणि सुतारही, हौदाच्या रुंद कठड्यावर जाऊन बसले. एका बाजूला हौद, दुसऱ्या बाजूला भरतीचा समुद्र. कोळिणीने पाण्यावर वल्हं आपटलं. थोड्या वेळाने लांबवर एक उंच पंख वर आला. त्याला खाच होती.

शास्त्रीबुवांनी रीतसर प्रश्न विचारला. "आजीबाई, हा मुलगा आपण या राजघराण्याला राजीखुशीने दिलात काय?"

आजीने फवारा सोडला. शास्त्रीबुवा भिजले.

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि कोळिणीने ते ज्येष्ठांना समजावून सांगितलं. "घाईने बोलायला मी काही तरुण नाही."

सगळ्या ज्येष्ठांनी माना डोलावल्या. असं शहाणपणाचं वाक्य त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

आजी विचार करू लागली. दुपार झाली. जेवणाची वेळ आली आणि गेली. पण सर्वांत मोठ्या व्यक्तीचं बोलणं पुरं व्हायचं होतं, त्यामुळे कठडा कुणी सोडू शकत नव्हतं आणि खाऊही शकत नव्हतं. अधूनमधून आजी भिंतीपलीकडून हौदाकडे एक लांब हाक द्यायची. हौदातून बारीक उत्तर यायचं. संध्याकाळी देवमाशाने सहा दिवसांनंतर पहिला मासा खाल्ला.

ज्येष्ठांची रात्र कठड्यावर गेली. सकाळी त्यांचे पाय आखडले, म्हणून ते चालू लागले. कठडा गोल होता. ते डावीकडून गोल, पुन्हा डावीकडून गोल फिरू लागले.

दिवस सणाचा होता. नेहमीप्रमाणे लोक मुलाबाळांना घेऊन आले आणि शेंगदाणे सोलत बसले.

"आई, आजोबा काय करतायत?"

"प्रदक्षिणा घालतायत."

"आणि ते खाली वाकलेले?"

"नमस्कार करतायत."

राजवैद्य भुकेने आपल्या काठीची मूठ चावत होते. शास्त्रीबुवा भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून पडले होते. "समाधी," कुणीतरी म्हणालं आणि सगळे आदराने गप्प झाले.

पिवळं झबलं घातलेल्या एका पोरीने शेंगदाणा हातात धरून उंच केला. "आजोबा, उडी मारा ना."

प्रधानजींनी शेंगदाण्याकडे पाहिलं. त्यांच्या टाचा उचलल्या गेल्या, अगदी थोड्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रधानजी तिथेच थिजले. मग हळूच कोळिणीजवळ सरकले.

"पोरी, हे लोक हसतायत का?"

"तुम्ही खूश दिसताय ना. भुवया वर आहेत तुमच्या."

"मी खूश नाही," प्रधानजी म्हणाले. "मला भूक लागलीय. माझे गुडघे गेलेत. मला माझ्या माणसांत जायचंय." एवढं बोलून त्यांनी हौदात पाहिलं. देवमासा त्यांच्याच पायाशी तरंगत होता. एक डोळा पाण्याबाहेर काढून तो त्यांच्याकडे बघत होता. बारा वर्षांत त्या डोळ्यात प्रधानजींनी पहिल्यांदाच पाहिलं.

ते समुद्राच्या बाजूला वळले. वाकायला त्यांना बराच वेळ लागला. सत्तर वर्षांत त्यांनी कुणाला आजी म्हटलं नव्हतं.

"आजी," ते म्हणाले, "दिला होतात का हा मुलगा?"

"दिला नव्हता," आजी म्हणाली. "न्यायला आलेय."

प्रधानजींनी दरवाजा उघडायला सांगितलं. शास्त्रीबुवा समाधीतून उठून काही वचन काढणार होते, पण राजा स्वतःच खाली उतरला आणि त्याने अडसर ओढला. राजा पहिल्यांदाच काहीतरी करत होता, म्हणून जरा चुकला आणि पाण्यात पडला. सुताराने त्याला बाहेर काढलं आणि बाहेर काढता काढता पुलाचे सगळे मुद्दे ऐकवले.

देवमासा समुद्रात शिरला आणि गोल फिरू लागला. अख्खा समुद्र समोर होता, तरी तो पन्नास पावलांतच फिरत होता. कोळिणीने डोळे झाकून घेतले. तेव्हा आजी त्याच्या डाव्या अंगाला आली आणि त्याला खेटून पोहू लागली. वळायला जागाच राहिली नाही. तो सरळ गेला.

झिजलेले दात पुन्हा आले नाहीत, आणि लोळलेला पंख कधी उभा राहिला नाही. जन्मभर त्याच्या घरच्यांनीच शिकार करून त्याला भरवलं. ज्येष्ठांनी सभेत यावर खेद व्यक्त केला. खेद व्यक्त करण्यात पूर्ण सकाळ गेली, आणि कोळिणीचा नंबर काही लागला नाही. पण नव्या होड्या निघाल्या नाहीत, आणि हौदाचा दरवाजा पुन्हा लावायचा विषय प्रधानजींनी जिवंतपणी निघू दिला नाही.

तात्पर्य : कोंडलेला सुखी आहे की नाही, याची साक्ष कोंडणाऱ्याने देऊ नये.