ठसा घासायची अट

"सूनबाई मुकीच दिसतेय, बोला बिनधास्त," सभापती गुंजाळ म्हणाले, ते चहा आणणाऱ्या हेमांगीने पडद्याआडून ऐकलं.

सासऱ्यांच्या बंदुकांच्या दुकानात पोलिसांची रायफल दुरुस्तीला आली होती. तिच्यावर पोलिसांचा ठसा होता, म्हणजे ती विकायची नव्हती. सभापतींना नेमकी तीच हवी होती, नाहीतर ते दुकानाचा परवाना घालवणार होते.

"ठसा घासला की झाली साधी रायफल. कोण विचारतंय?"

सासऱ्यांनी नाइलाजाने कानस काढून टेबलावर ठेवली. दारात सभापतींची जीप उभी होती. भाचा हवालदार, एवढ्या भांडवलावर बॉनेटवर ठळक 'पोलीस' रंगवलेलं, टोल चुकवायला.

हेमांगीने चहा ठेवला आणि कानस उचलली.

"सभापती, आधी तुमच्या जीपवरचं 'पोलीस' घासते. साधा माणूस म्हणून टोल भरून परत आलात, की लगेच रायफल घासायला घेऊ."